भिंतीतला रिकामा पाइप

घर बांधायला काढलं की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. दार पूर्वेला हवं, देवघर ईशान्येला हवं, जिन्याच्या पायऱ्या विषम हव्यात. बोअर घ्यायचा तर तळहातावर नारळ धरून फिरणारे पाणाडी हजर होतात. फरशीचा रंग, ओट्याची उंची, गॅलरीची जाळी, सगळ्यावर आत्यापासून आत्याच्या व्याह्यांपर्यंत प्रत्येकाला मत असतं. इंटरनेटची तार घरात कुठून शिरावी आणि कुठवर जावी यावर मात्र कुणालाच मत नसतं. "कंपनीचा पोरगा येईल, बसवून जाईल" एवढ्यावर विषय मिटतो.

माझं म्हणणं असं की तो तिथं मिटू नये. पाणी आणि लाइट यांचा विचार होतो तेव्हाच, म्हणजे भिंतीला गिलावा व्हायच्या आधी, नेटचाही विचार व्हावा. आणि तो एकट्या वायरमनवर सोडू नये, घरातल्या सगळ्यांनी बसून करावा. कारण राउटर कुठं बसतो यावरून त्या घरात कुणाच्या कामाला काम समजतात ते कळतं.

वाचून काहींना हसू येईल. आमच्या ह्यांनाही आलं होतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या गावात वीज आली तेव्हा मी शाळेत होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता (आपला जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला). महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी खांब आमच्या शिवारापर्यंत सरकत आले. आमच्या धाब्याच्या घरात पहिला बल्ब लागला तो ढेलजेत, जिथं पुरुष मंडळी पान खात बसायची. लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून वायर नेलेली, काळं गोल बटण. आम्ही पोरं ते बटण खालीवर करून मार खायचो. दुसरा बल्ब माजघरात लागला. स्वयंपाकघरात आई चिमणीच्या उजेडातच भाकरी थापायची, आणि ते पुढं चार वर्षं तसंच चाललं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. "तिथं धुरानं बल्ब काळा होतो" असं कारण होतं आणि ते खरंही होतं. त्याच धुरानं आईचे डोळे लाल व्हायचे, ते मात्र कुणी हिशेबात धरलं नाही.

पुढं टेलिफोन आला, तो बैठकीत. माझ्या वयाच्या बायकांनो, आठवून बघा. माहेरी फोन करायचा तर सासरे पेपर वाचत बसलेले, दीर टीव्ही बघत बसलेले, आणि त्यांच्यासमोर उभं राहून "हो, मी मजेत आहे" म्हणायचं. त्या फोनची वायर दहा फूट लांब असती तर कितीतरी जणींचं मन हलकं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

आता राउटर आला आहे आणि तोही बैठकीतच थांबला आहे. ओळखीच्या एका नव्या घरात बघितलेली गोष्ट सांगते. कंपनीचा मुलगा आला, नव्याकोऱ्या भिंतीला ड्रिलनं भोक पाडलं, उरलेल्या केबलचं वेटोळं खिडकीच्या गजाला टांगलं आणि टीव्हीच्या कपाटात राउटर ठेवून वीस मिनिटांत निघून गेला. बैठकीत नेट फर्स्टक्लास. त्या घरातली मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिची खोली अगदी मागं. मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. ती रात्री जिन्याच्या पायरीवर बसून लेक्चर बघते. "तिथं बरं येतं" म्हणते. डोक्यावर शाल घेऊन थंडीत जिन्यात बसलेली ती पोर बघितली आणि मला आईची चिमणी आठवली.

हे असं का होतं ते समजायला फार विज्ञान लागत नाही. (मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.)

खांबावरून घरात येते ती हल्ली काचेची तार. तिच्यात ज्या काचेतून उजेड धावतो ती फक्त ९ मायक्रॉन जाड, केसापेक्षा कितीतरी बारीक. वाकड्या काचेतून उजेड नेता येतो हे दाखवणाऱ्यांत आपले पंजाबचे नरिंदरसिंग कपानी होते. १९५४ साली हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडं पोचवून दाखवलं. मग १९६६ साली चार्ल्स काओ यांनी सांगितलं की काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड मैलोन्‌मैल जाईल. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. आपल्या गल्लीत येणारी एक तार पुढं डब्यात फुटते आणि तिचाच उजेड ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो, एका पाइपलाइनला तोट्या काढाव्यात तसा. ही तार वाकते, पण बेतानं. बांगडीएवढा वळसा तिला चालतो. अंगठीएवढा दिला तर उजेड वळणावरच सांडतो आणि मग आपण कंपनीला फोन करत बसतो. आणखी एक, हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. लेकरांना त्या तारेच्या टोकात डोकावू देऊ नका.

ही तार एका डबीत संपते. तिथून पुढं वायफाय, म्हणजे रेडिओच्या लाटा. त्या दोन प्रकारच्या, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या. पहिलीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सहाच्या आसपास. लांब लाट भिंती बऱ्यापैकी पार करते, पण तिचा वेग कमी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटरही त्याच वाटेवर. आखूड लाट पळते जोरात, पण एकदोन भिंतींत दमते. विटांची भिंत ती कशीबशी ओलांडेल, पण सळयांची जाळी घातलेला स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रीज, पाण्याची टाकी यांच्यापुढं दोघींचंही फार चालत नाही. तेव्हा टीव्हीच्या मागं कपाटात ठेवलेला राउटर म्हणजे रांजणात ठेवलेला कंदील. उजेड आहे, पण रांजणापुरता.

आता यावर उपाय काय? राउटर घराच्या मध्यावर, उंच, उघड्यावर ठेवायचा हा पहिला. आणि जिथं खरंच कुणी बसून काम करणार आहे तिथपर्यंत तांब्याची तार न्यायची हा दुसरा. कॅट-सिक्स नावाची तार मिळते. तिच्यात आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. १०० मीटरपर्यंत ती सेकंदाला १००० मेगाबिट सहज नेते. आपलं घर कितीही मोठं म्हटलं तरी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत २०-२५ मीटर. भिंत असो, कपाट असो, तिला फरक पडत नाही.

गेल्या वर्षी वसमतला आमच्या घराचं काम चाललं होतं. वायरमन ओळखीचाच, त्याचे वडील माझ्या वर्गात होते. भिंतींना खाचा पाडणं चालू असताना मी त्याला म्हटलं, नेटसाठी वेगळा पाइप टाक.

"बाई, आता वायफायचा जमाना आलाय. वायर कशाला घालता भिंतीत?"

"अरे, वायफाय राउटरपासून पुढं. राउटरपर्यंत काय येणार, वारा?"

"ते कंपनीवाले बघतेत की."

"कंपनीवाले गिलावा झाल्यावर येतात. तू आधी आलास."

तो हसला आणि कामाला लागला. आम्ही जे केलं ते इथं लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. गेटकडच्या बाजूनं, पावसाचं पाणी आत येणार नाही असा खाली तोंड केलेला एक पाइप थेट माजघरापर्यंत. आमच्या घराचा मध्य तोच. तिथं उंचावर एक डबा, त्यात नेटची डबी आणि राउटर. डब्याला प्लॅस्टिकचं झाकण, कारण लोखंडी झाकण लावलं की लाटा आतच कोंडतात. त्या डब्यातून चार पाइप निघाले. एक बैठकीत, एक मागच्या खोलीत, एक वरच्या मजल्यावर आणि एक स्वयंपाकघराच्या कट्ट्याशेजारी. पाइप २५ मिलिमीटरचे, कोपऱ्यावर काटकोनी एल्बो न लावता मोठ्या वळणाचे बेंड लावले. लाइटच्या पाइपापासून वीतभर अंतर ठेवलं, आणि जिथं एकमेकांना ओलांडायचं तिथं आडवं ओलांडलं. लाइट आणि नेट एका पाइपात घालायचं नाही, हे वायरमनला दोनदा सांगावं लागतं. भिंतीच्या आत तारेला जोड द्यायचा नाही. आणि तार विकत घेताना एक बारीक तार ब्लेडनं खरवडून बघायची. आत लाल निघालं तर तांबं. पांढरं निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ते परत करायचं. गिलाव्याआधी दोन्ही टोकं तपासून घेतली. या सगळ्याचा खर्च देवघराच्या संगमरवरापेक्षा कमी आला. हा हिशेब ह्यांनीच काढला, मी नाही.

पण माझ्या मते यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वेगळंच. प्रत्येक ठिकाणी आम्ही एक जास्तीचा पाइप टाकला, रिकामा. आत फक्त एक नायलॉनची दोरी, दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवलेली. "याच्यात काय घालायचं बाई?" असं वायरमननं विचारलं. मी म्हटलं, ते मला माहीत नाही, म्हणूनच टाकायचा.

जरा मागं बघा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं आपल्या देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट मिळायचे. २००४ साली सरकारनं 'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचं ते ठरवलं, २५६ किलोबिट. २०२३ च्या जानेवारीत तीच व्याख्या २ मेगाबिट झाली, आणि घरोघरच्या जोडण्या तर त्याच्याही कितीतरी पुढं आहेत. आधी टेलिफोनची तार, मग काच. पुढं काय येईल कोण सांगणार? भिंत मात्र पन्नास वर्षं उभी राहते. आज जी तार उत्तम आहे ती माझ्या नातवाला भंगार वाटेल. त्यानं भिंत न फोडता ती ओढून काढावी आणि त्याच्या काळातली आत घालावी, एवढी सोय करून ठेवणं आपल्या हातात आहे. शिक्षकाचं कामही असंच असतं. मुलं पुढं काय शिकतील ते आपल्याला ठाऊक नसतं, आपण वाट मोकळी ठेवायची.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की मोबाइलवर नेट स्वस्त आहे, मग घरात तार कशाला? २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा खरोखर स्वस्त झाला, ते मान्यच आहे. पण मोबाइलचं नेट ज्याच्या खिशात मोबाइल त्याचं. तो माणूस शेतात गेला की नेटही शेतात. २०२० साली 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं आपल्या राज्यात म्हटलं गेलं, तेव्हा किती घरांत एकच फोन होता आणि तो बापाबरोबर सकाळीच बाहेर जायचा, हे आपण सगळ्यांनी बघितलं. आणि दोन लेकरांत एक फोन असेल तर तो बहुधा मुलाच्या हातात, बहिणीनं त्याचं झाल्यावर. घराचं नेट घरात राहतं, हाच त्याचा मोठा गुण. आता तार न ओढता गच्चीवर डबी लावून हवेतून नेट देणारी सोयही २०२३ पासून आली आहे, जिथं काचेची तार पोचली नाही तिथं ती उपयोगाचीच. पण गच्चीवरून खाली यायला पाइप लागतोच, आणि खाली आल्यावर प्रश्न पुन्हा तोच, राउटर कुठं?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नेट आणलं की लेकरं बिघडतात. ही भीती मला खोटी वाटत नाही. मी पस्तीस वर्षं लेकरांत काढली, एखादा मुलगा रात्री जागला आहे हे त्याच्या अक्षरावरून ओळखता यायचं. पण मला वाटतं, तारेनं ही भीती थोडी कमीच होते. वायफाय अंथरुणात येतं, पांघरुणाच्या आतही येतं. तार टेबलापाशी थांबते. घरात एक टेबल असावं, त्याला तार असावी, तिथं बसून काम करावं आणि उठावं. अभ्यासाला जागा असली की वेळही ठरतो. बाकी राउटरचं बटण रात्री दहाला बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्याकडं ते मी करते. नातवंडं आली की "आजी, पाच मिनिटं" असा धावा चालतो, तेही ऐकायला बरं वाटतं.

आणि इथंच माझ्या मनातली खरी गोष्ट येते. आपल्या मराठवाड्यात आईबाप घर बांधतात ते लेकरांसाठी, आणि लेकरं राहतात पुण्याला. वरचा मजला चढतो, त्याला टाइल्स बसतात, मग कुलूप लागतं. दिवाळीला तीन दिवस उघडतं. आमच्या सूनबाईंचं काम घरून होतं, पण "आई, तिकडं मीटिंग मध्येच तुटते" म्हणून दोन दिवसांत परत जावं लागायचं. त्यात तिची चूक काही नव्हती. कामावर जाणाऱ्याला रस्ता लागतो तसा तिला नेट लागतं. या वर्षी मे महिन्यात ती वरच्या खोलीत टेबलाला तार लावून काम करत होती आणि मुलांसह चोवीस दिवस राहिली. चोवीस! मी कॅलेंडरवर खुणा करत होते. नेट काय फक्त सिनेमे बघायला लागतं, असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

म्हाताऱ्या माणसांनाही ते लागतंच. 'जीवन प्रमाण' मुळं हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो, २०२१ पासून तर नुसता चेहरा दाखवूनही. 'ई-संजीवनी'वर डॉक्टरांशी बोलता येतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बँकेच्या आणि दवाखान्याच्या पायऱ्या किती उंच असतात ते त्यालाच ठाऊक. आणि हे सगळं आजी-आजोबांच्या खोलीत चाललं पाहिजे, "बैठकीत येऊन बसा म्हणजे लागेल" असं नको.

मोठ्या इमारतींसाठी आता 'ट्राय'नं २०२४ साली नियम केले आहेत, इमारतीत नेटची सोय कशी आहे त्यावरून तिला तारे मिळतील. चांगलं आहे. पण आपल्याकडं प्लॉट घेऊन गुत्तेदाराकडून घर बांधणाऱ्याला कोण तारे देणार? इथं वायरमन आणि घरमालकीण हेच ट्राय. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याच्या माळावर, लायगो-इंडिया उभं राहतंय. २०१६ साली त्याला तत्त्वतः मान्यता मिळाली, २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटींची मंजुरी. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत लेसरचा उजेड, आणि त्यावरून आकाशातल्या लाटांचा माग. जगातली मोठी माणसं आपल्या माळावर उजेड मोजणार. मग आपण आपल्या घरात तो उजेड स्वयंपाकघरापर्यंत न्यायला काय हरकत आहे?

शेवटी बारीकसारीक तीन गोष्टी. लाइट गेली की नेटही जातं, म्हणून राउटरला छोटी बॅटरी लावा. तो दहा-बारा वॅट खातो, महिन्याला सात-आठ युनिट, इन्व्हर्टरलाही जड नाही. जेठात वळवाचे ढग गडगडायला लागले की त्याचं पिन काढून ठेवा. काच वीज नेत नाही हे खरं, पण खांबावरून येणाऱ्या केबलला आधाराची पोलादी तार असते आणि ॲडॉप्टर तर लाइटलाच जोडलेला असतो. तिसरं म्हणजे राउटरवर आलेला पासवर्ड बदला आणि नवा पासवर्ड, बिलाची तारीख, तक्रारीचा नंबर घरातल्या वहीत लिहून ठेवा, किराण्याचा हिशेब असतो तिथंच. एकट्या मुलाच्या डोक्यात ठेवू नका. तो पुण्याला असतो.

असो, लांबलं. पण ज्यांचं घर गिलाव्यापर्यंत आलं आहे त्यांनी आज संध्याकाळी टॉर्च घेऊन एक चक्कर मारावी, आणि बरोबर घरातल्या बाईला न्यावं. कुठं बसून काम करणार, कुठं बसून बहिणीशी बोलणार, हे तिला विचारावं. खडूनं भिंतीवर तिथं फुली मारावी. उद्या मिस्त्री आला की मग उशीर होतो.